सोमवारी तुंबणारी नळी

ऋजुता प्रधानच्या ऑफिसात लोक सहसा फोटो घेऊन येत. मुलगा खरंच नोकरीला आहे का, दारू पितो का, आधीचं लग्न लपवलंय का, अशा चौकशांवर तिचं बरं चाललं होतं. डिसेंबरातल्या त्या शनिवारी इंदूबाई मात्र फोटो न आणता एक नळी घेऊन आल्या.

नळी पारदर्शक, पेन्सिलीहून बारीक, दोन हात लांब. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

ऋजुताचे मदतनीस दत्ता ठोंबरे मफलर सावरत पुढे वाकले. दत्ताकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडीला उशीर का झाला हे तीस वर्षं प्रवाशांना समजावून सांगितल्यामुळे त्यांच्याकडे कशाचंही कारण तयार असे. ते बरोबर असेलच असं नाही, पण तयार असे.

इंदूबाईंचं गाव कशेळ्याच्या पुढे. आठवडाभर त्या दहिवलीत लिमयांकडे राहून घरातल्या वृद्ध अप्पांना सांभाळत. दिवाळीच्या आधी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि घास गिळताना ठसका लागू लागला. अन्न छातीत जायला नको म्हणून डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. पेज, दूध, औषध, सगळं सिरिंजने त्या नळीतून. दीड महिना सुरळीत गेला.

मग एका सोमवारी सकाळी नळी तुंबली. पुढच्या सोमवारी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही. दर वेळी रिक्षात घालून अप्पांना हॉस्पिटलात न्यायचं, जुनी नळी ओढून काढायची, नवी घालायची. त्यांच्या नाकातून रक्त येई. बोलता येत नसल्यामुळे ते नुसते रडत.

“आनि तीनी बारीला सिरिंज माझ्याच हातात,” इंदूबाई म्हणाल्या. “अप्पांचा मुलगा, सिद्धांतदादा, बोलले, तू रविवारी गावाला जातेस, तिकडचा कायतरी झाडपाला आनतेस नि नळीत घालतेस. समद्यांसमोर माझी पिशवी उघडली. पेशंटकडं बाया पाठवनाऱ्या ब्युरोतल्या ललिताम्याडमला फोन करून सांगितलं, या बाईला कुठं पाठवू नका. आजचा शेवटचा दिवस.”

त्यांनी आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“एकदा नाव गेलं की कर्जतमधी मला कोन उंबऱ्याच्या आत घेनार नाय. कोनी केलं ते सांगू नका, ताई. मी नाय केलं येवढं सांगा.”

ही तिसऱ्या खेपेची नळी त्यांनी हॉस्पिटलातल्या सिस्टरकडून मागून घेतली होती. आपल्या बाजूने बोलणारं दुसरं काहीच नाही, असं त्यांना वाटलं असावं. ऋजुताला बाई तिथेच आवडली.

तिने नळी उजेडात धरली. नाकाशी चिकटपट्टी लावल्याचा डाग होता. डागापासून बाहेरच्या टोकापर्यंतचा भाग पिवळट, रवाळ गोळ्यांनी भरला होता. डागापासून आतला, पोटाकडे जाणारा भाग जवळजवळ स्वच्छ होता. ऋजुताने कात्रीने तुंबलेला तुकडा कापला आणि थर्मासमधलं गरम पाणी वाटीत ओतून त्यात टाकला. थोड्या वेळाने दुधाचा चोथा तळाला बसला आणि पाण्यावर पिवळे चकचकीत थेंब तरंगू लागले.

“तेल हाय,” दत्ताकाका म्हणाले.

ऋजुताने इंदूबाईंना विचारलं, गावाहून खरंच काही आणता का? त्यांनी न लपवता पिशवीतून एक छोटी बाटली काढली. करंजाचं तेल. अप्पांच्या टाचा एका जागी पडून सोलवटत होत्या, त्यांना चोळायला. दत्ताकाकांनी अतिशय दुःखाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यापुरती केस संपली होती.

ऋजुताने बाटली खिडकीपाशी नेली, आडवी केली. तेल झुळकन या बाजूचं त्या बाजूला गेलं. तिने ते हुंगलं, नाक मुरडलं आणि बाटली परत दिली.

“नळी साफ कशी करता?”

“दर खान्याच्या आदी नि नंतर कोमट पान्याचा फ्लश. सिस्टरनी शिकवलंय. फ्लश मारल्याबिगर मी हात धूत नाय.” मग त्या थोडं थांबल्या. “शनवारी जाताना मी तांब्याभर पानी उकळून झाकून जाते, रविवारच्या फ्लशसाठी. सोमवारी येते तर तांब्या जवळपास तसाच. मला वाटायचं, दुसरं उकळत असतील.”

“सोमवारी किती वाजता येता?”

“सातच्या आत. आल्या आल्या पयलं पानी घालते, तेच जात नाय.”

ऋजुताने ओढणी घेतली आणि दत्ताकाकांना स्कूटर काढायला सांगितलं. इंदूबाई रिक्षाने पुढे गेल्या.

लिमयांचं घर दहिवलीतलं, नीटनेटकं, दारात तुळस आणि व्हीलचेअरसाठी नवा केलेला उतार. दार अंतराने उघडलं. ही अप्पांची सून, शाळेत गणित शिकवणारी. इंदूबाईंना ऋजुताचा पत्ता तिनेच दिला होता, पण हे नवऱ्याला माहीत नव्हतं आणि आत्ता कळायचीही गरज नव्हती.

सिद्धांत साजगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने चौकशीला हरकत घेतली नाही. आपलंच खरं ठरणार याची त्याला खात्री होती. असा माणूस उत्तरं भराभर देतो, ते ऋजुताच्या सोयीचंच होतं.

आधी रविवारी ब्युरोची बदली बाई यायची, तो म्हणाला. दर आठवड्याला नवा चेहरा, त्याचा माईला, म्हणजे आईला त्रास व्हायचा. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी बदली बंद केली आणि रविवारचं काम घरातच वाटून घेतलं. कारखान्यासारखा तक्ता केला. फ्रिजवर चुंबकाने लावलेला तो तक्ता त्याने अभिमानाने दाखवला. स्वच्छ मराठी, सुवाच्य अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

‘सकाळी ८, दुपारी १२, दुपारी ४, रात्री ८. औषध – सिद्धांत. शुद्धी – माई. जेवण – सिद्धांत. शुद्धी – माई.’

“शुद्धी म्हंजे?” दत्ताकाकांनी विचारलं.

“नळीची शुद्धी. पाण्याने धुणं. सगळ्यात सोपं काम माईला दिलंय. तिलाही वाटतं ना, आपल्या हातून काहीतरी व्हावं.”

“त्या करतात तेव्हा तुम्ही तिथे असता?”

“मी तेवढ्यात भांडी विसळून घेतो. पण दर वेळी विचारतो. माई, शुद्धी झाली? ती म्हणते, झाली. तेव्हा रविवारी काही चुकत नाही. चुकतं ते सोमवारी.”

अंतराचं म्हणणं थोडक्यात होतं. जेवण ती करते: मूगडाळ-तांदळाची पातळ पेज, भाजीचं पाणी, दूध. मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं. तेल नाही, तूप नाही, डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. शनिवारी रात्री ती रविवारचं करून फ्रिजमध्ये ठेवते, कारण रविवारी खोपोलीला दहावीचे जादा तास असतात आणि घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. रविवारची पेज आणि बुधवारची पेज एकच.

माईंचं नाव द्वारका. वय पंचाहत्तर, शरीर काटकुळं, काम चपळ. ऋजुताने विचारलं, रविवारी तुम्ही नेमकं काय करता?

“कागदावर लिहिलंय तेच,” माई म्हणाल्या. “त्याहून कणभर जास्त नाही. सिद्धांत फार शिस्तीचा आहे.”

“नळीतून तुम्हाला घालता येतं?”

“छोटी सिरिंज आहे माझी वेगळी. आधी भीती वाटायची. आता जमतं.” त्यांचा चेहरा उजळला. “बावन्न वर्षं यांना वाढत आले. मधला दीड महिना नुसती बघत बसले होते. आता निदान रविवारी माझ्या हातचं पोटात जातं.”

अप्पा पलंगावर उशांना टेकून बसले होते. नाकाशी नळी, नाकपुडी लालभडक. डोळे मात्र टक्क जागे. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं ते एकेका तोंडाकडे बघत ऐकत होते. इंदूबाईंनी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली तेव्हा अप्पांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. सिद्धांतने ते पाहून नजर वळवली.

व्हरांड्यात दत्ताकाकांनी ऋजुताला बाजूला घेतलं. आता त्यांचा संशय अंतरावर होता. ती घरी नसते, म्हणजे मुद्दाम नसते, हे त्यांचं कारण.

“काका, ती खोपोलीत बसून दहिवलीतली नळी कशी तुंबवेल?”

दत्ताकाकांनी विचार केला आणि संशय मागे घेतला. त्यांचा हा एक गुण आहे.

बारा वाजून गेले होते. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही, असं माईंनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. इंदूबाई आत अप्पांना पेज देत होत्या. बाहेर टेबलावर पानं वाढली. भाताची मूद, त्यावर पिवळं वरण, बटाट्याची भाजी, लिंबाची फोड. दत्ताकाकांना सकाळपासून भूक होती. त्यांनी मूद फोडायला हात घातला तोच माईंनी वरून त्यांचं मनगट पकडलं.

“थांबा, थांबा. आधी तूप.”

तुपाची वाटी थंडीने थिजली होती. माईंनी ती गॅसवर क्षणभर धरली, पळीने प्रत्येकाच्या भातावर धार सोडली आणि मगच म्हणाल्या, “हं, आता सावकाश होऊ द्या.”

ऋजुताने मात्र घास उचलला नाही. ती वाटीच्या कडेला अजून न वितळलेल्या तुपाकडे पाहत होती. मग तिने मान वळवून फ्रिजकडे पाहिलं. आणि मग ती इतकी पोटभर जेवली की दत्ताकाका ओळखून चुकले, हिला सापडलं.

जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना अप्पांच्या खोलीत बोलावलं. अप्पांच्या समोरच बोलायचं, कारण सोसलं त्यांनी, असं तिचं म्हणणं होतं.

“ही नळी तुंबली कशाने, ते आधी,” ती म्हणाली. “आत स्निग्ध पदार्थ होता. गरम पाण्यात वितळला आणि वर तरंगला. तुंबली ती फक्त नाकाबाहेरच्या भागात. आतला भाग अंगाच्या उबेत असतो, तिथे काही साठलं नाही. म्हणजे उबेत पातळ राहणारी आणि थंडीत थिजणारी वस्तू. इंदूबाईंचं करंजाचं तेल आजच्या गारठ्यातही पाण्यासारखं वाहतंय. ते नव्हे.”

तिने दुसरं बोट उघडलं.

“दुसरं. इंदूबाई सातला येतात आणि त्यांनी घातलेलं पहिलं पाणीच जात नाही. म्हणजे नळी त्यांनी हात लावायच्या आधीच तुंबलेली. थिजायला रात्र गेली. जे काही आत गेलं ते रविवारी गेलं.”

“रविवारची पेज तीच असते,” अंतरा म्हणाली.

“हो. म्हणून पेज नव्हे. वेगळं आहे ते नळी धुणं. आठवडाभर इंदूबाई धुतात, रविवारी माई. पण उकळून ठेवलेला तांब्या सोमवारी जवळपास भरलेला असतो. रविवारी नळीला पाणी लागतच नाही.”

“असं कसं?” सिद्धांत म्हणाला. “मी दर वेळी विचारतो. माई खोटं बोलेल?”

“माई खरंच बोलतात. तुम्हीही खरंच बोलता. म्हणूनच तीन आठवडे कुणाला कळलं नाही.” ऋजुता माईंकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. “माई, मघाशी काकांचा हात धरून तुम्ही तूप वाढलंत. जेवणाआधी भातावर वाढायच्या त्या तुपाला तुमच्या घरात काय म्हणतात?”

“अन्नशुद्धी,” माई सहज म्हणाल्या. “त्याशिवाय जेवायला सुरुवात...”

त्या थांबल्या. सिद्धांतचं तोंड उघडं राहिलं.

“जेवणाच्या कागदावर जेवणाआधी ‘शुद्धी’ लिहिलेली,” ऋजुता म्हणाली. “बावन्न वर्षं पान वाढणाऱ्या बाईने त्याचा अर्थ काय घ्यायचा?”

“डॉक्टर आधी नको म्हणाले होते तूप,” माई हळू म्हणाल्या. “कागदावर पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता चालेल म्हणाले असतील. इतकं बरं वाटलं मला. चमचाभर पातळ करून घालायचे. दोनदा लिहिलं होतं, तर म्हटलं एकदा साध्या भाताला आणि एकदा नंतरच्या भाताला, पंगतीत वाढतो तसं.”

“आणि शेवटचं तूप रात्री आठनंतर नळीत तसंच राहायचं, दुधाच्या साईसकट. धुवायला पाणी नाही. पहाटेच्या थंडीत त्याचा दगड व्हायचा.” ऋजुताने सिद्धांतला विचारलं, “हॉस्पिटलच्या कागदावर कोणता शब्द होता?”

सिद्धांतने घसा साफ केला. “फ्लश.”

“मग तो का नाही लिहिलात?”

“जेवणाच्या तक्त्यावर फ्लश?” तो कसानुसा झाला. “संडासातला शब्द. माई रोज वाचणार. म्हटलं, चांगला मराठी शब्द घालावा.”

इंदूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. “आमच्यात तुपाला तूपच बोलतात,” त्या म्हणाल्या. “मी तो कागद रोज बघायची. मला वाटायचं, फ्लशचंच शिकलेलं नाव हाय.”

माईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पलंगाशी गेल्या, अप्पांच्या लाल नाकपुडीकडे पाहिलं. म्हणजे हा त्रास माझ्या हातून झाला, एवढंच त्यांना म्हणता आलं. आणि तेव्हा अप्पांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. सगळे घाबरून पुढे धावले. इंदूबाईंनी आधी छाती पाहिली, मग चेहरा, आणि त्या मागे सरल्या. अप्पा हसत होते. अर्ध्या तोंडाने, खांदे हलवत, बायकोकडे बघत. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसत होते.

“हसताय काय?” माई डोळे पुसत म्हणाल्या. “तरी म्हटलं, रविवारी एवढे खुशीत कसे दिसता.”

त्या घरावरचं ओझं उतरलं ते तिथे. दत्ताकाकांनी मफलरने नाक पुसलं आणि थंडीला दोष दिला.

सिद्धांत मात्र उभाच होता. मग तो इंदूबाईंसमोर गेला आणि हात जोडू लागला. त्याने पिशवी उघडली होती, नको ते बोलला होता, ते सगळं आता त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“माफी नको, दादा,” इंदूबाई म्हणाल्या. “ललिताम्याडमला फोन लावा. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेवून.”

सिद्धांतने फोन लावला. ब्युरोच्या ललिताबाई गडबडीत होत्या. त्याने त्यांना दोनदा थांबवून सगळं सांगितलं. चूक इंदूबाईंची नव्हती, माझ्या हातच्या तक्त्याची होती, मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, त्यांचं नाव होतं तिथे परत लिहा. एक शब्द न गाळता सांगितलं. बायकोसमोर, आईसमोर आणि परक्या माणसांसमोर हे सोपं नसतं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

“बरं झालं सांगितलंत,” ललिताबाईंचा आवाज खोलीभर आला. “इंदूबाईंसारखी बाई मला हवीच आहे. पळसदरीला एक आजी आहेत, घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत. तुमच्याकडून सुटल्याच आहेत तर सोमवारी त्यांना तिकडेच पाठवते. आहेत का तिथे? विचारा ना.”

हे कुणी गृहीत धरलंच नव्हतं. सिद्धांतने फोन पुढे केला, पण काही विचारायचं त्याला धाडस होईना. राहा म्हणायचा हक्क त्याने स्वतःच घालवला होता. माईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. अप्पांचं हसू थांबलं होतं. ते इंदूबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

इंदूबाईंनी घड्याळ पाहिलं. पेज देऊन अर्धा तास झाला होता, कूस बदलायची वेळ झाली होती. त्यांनी अप्पांच्या पाठीखाली हात घातला, नळी अडकू नये म्हणून खांद्यावर सारली आणि त्यांना अलगद डाव्या कुशीवर वळवलं.

“त्यांना सांगा, दुसरी बाई बघा,” त्या वळून न बघता म्हणाल्या. “माझा पेशंट हितं हाय.”